चाकाखालचे लिंबू

मुलुंडच्या डोंगरउतारावर नाक खाली करून अडकलेला तो ट्रॅक्टर आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी त्या भागात पोलीस निरीक्षक होते. दसऱ्याच्या आदल्या दुपारी पायथ्याच्या वस्तीतून एका बाईचा फोन आला. "मॅडम, आमच्या डोक्यावर ट्रॅक्टर लटकलाय. लवकर या, नाहीतर वाट लागेल आमची."

वर पोहोचले तेव्हा तापलेल्या गवताच्या वासात डिझेलचा उग्र दर्प मिसळला होता. उतारावरच्या ताज्या ढिगांवरून, वनहद्दीत कोणीतरी चोरून राडारोडा टाकायला आले होते, एवढेच उमगले. नंबरप्लेट काढलेली, पुढच्या चाकांना दगड लावलेले आणि बरोबर खाली घरांची रांग. पंचनामा करून आम्ही ती घरे रिकामी केली, माणसे जवळच्या शाळेत हलवली. फोन करणाऱ्या बाईची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला खुर्चीत बसवून उचलून नेताना ती मला म्हणाली, "उद्याचा नैवेद्य काय शाळेत शिजवू?"

पायथ्याशी एका कंत्राटदाराचे आवार होते. ट्रॅक्टर आपला नाही, असे तो म्हणाला. त्याच्या तिन्ही चालकांनीही तेच सांगितले. त्यांतल्या पन्नाशीच्या मालवणी चालकाने तर गळ्याला चिमटा घेतला. "आईशपथ मॅडम, माका काय ठावक नाय."

दसऱ्याच्या सकाळी वर गेले आणि चक्रावले. बॉनेटवर झेंडूचा हार, हळदकुंकवाची बोटे, पुढच्या दोन्ही चाकांसमोर एकेक लिंबू. खाली पहाऱ्यावर असलेल्या हवालदाराला कोणी दिसले नव्हते. पूजा करणारा जंगलाच्या बाजूने उतरला असावा. सगळ्यांनी नाकारलेल्या यंत्राची पूजा कोण करील? तिन्ही चालकांना ठाण्यात बोलावले. तासभर विचारपूस झाली. उत्तर तेच.

दुपारी क्रेनवाले आले. ट्रॅक्टर गिअरमध्येच असणार, म्हणजे लगेच घरंगळणार नाही, असे धरून आधी दगड मोकळे करायचे आणि मग वरून ओढायचे, असे त्यांनी ठरवले. मी बाजूने जवळ गेले. अचानक लिंबाचा ताजा, आंबट वास आला. एक लिंबू अखंड होते. दुसरे टायरखाली चिरडले होते. कोणाचा पाय पडला असेल, असे आधी वाटले. पण त्यावर टायरच उभा होता. म्हणजे लिंबू ठेवल्यानंतर ते चाक दगडासकट पुढे सरकले होते. काम थांबवून मी ठाण्यात परतले आणि चिरडलेल्या लिंबाचा मोबाइलवर काढलेला फोटो, तिथेच थांबवलेल्या एकेका चालकापुढे धरला.

मालवणी चालकाचा चेहरा उतरला. "नाय मॅडम! मी वीतभर लांब ठेवलेलं!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण मग थांबला नाही. "गिअर पडणा नाय, ब्रेक कधीचो गेलो. निसता दगडार उभो आसा तो. आधी दगड काढू नकात, घरांवर जाईल!"

त्याला सोबत घेऊन पुन्हा वर गेलो. मागच्या हुकाला दोन पोलादी दोर बांधले, वरच्या सपाटीवरच्या दोन क्रेननी ते ताणून धरले, मगच दगड सरकवले. तो बाजूला उभा राहून ओरडत होता, "सैल सोडू नकात!" वीत-वीत करत ट्रॅक्टर सपाटीवर आला. मावळतीच्या उन्हात त्याच्या चाकांची माती रक्तचंदनासारखी दिसत होती.

"पकडले जाण्याची भीती होती, मग पूजा कशाला केली?" मी विचारले.

"वर्षभर त्येनाच पोट भरल्यान, मॅडम. दसऱ्याक तसोच ठेवू?"

ट्रॅक्टर मालकाचाच, हेही त्याने कबूल केले; कंत्राटदारासह त्याच्यावरही गुन्हा नोंदवला. जीपमध्ये तो बसला असताना फोन करणारी ती बाई आपट्याची पाने घेऊन आली.

"तूच अडकवलास ना रे?" तिने विचारले. त्याने मान खाली घातली. "घे सोनं. सासू घरी निजलीय माझी."

त्याने माझ्याकडे पाहिले. "घेऊ?"

मी होकारार्थी मान हलवली.

माणूस पोलिसांना फसवतो, मालकाचे नाव गिळतो. पण ज्या वस्तूवर त्याचे पोट चालते, तिच्याशी खोटे वागणे त्याला जमत नाही. पुढच्या तपासांत हे मला फार उपयोगी पडले. मात्र त्या संध्याकाळी स्टेशन डायरीत त्याला आरोपी लिहिताना पेन अडखळला. घरे संकटात घालणारा तोच, वाचवणाराही तोच. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. आधी कोणती लिहायला हवी होती, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.