बैलानं पास केलेली विहीर

आता या वयात नवऱ्याचं नाव लिहिलं तर कोण काय म्हणते? धावजी. आर्णीजवळच्या आमच्या तांड्यात त्यांच्याइतका हट्टी दुसरा एकच होता, आमचा सरदार बैल.

एकसष्ट साली शेजारची सरकीच्या तेलाची गिरणी जळाली. आग विझवलेलं पाणी तेल अन् राख घेऊन नाल्यानं थेट आमच्या विहिरीत उतरलं. यवतमाळहून आरोग्य खात्याचे कमलाकर साहेब छत्री घेऊन आले. म्हणाले, "आठ दिवसांत तुम्ही लोक स्वतः हे पाणी प्याले तर ठीक. नाही तर विहीर बुजवा."

बुजवली की आम्हा बायांच्या डोक्यावर घागर अन् पायाखाली कोसभर वाट, जन्मभर!

ह्यांनी शपथ घेतली, "विहीर साफ होईपर्यंत आंघोळ नाही!" तसाही आंघोळीचा शौक नव्हताच.

विहिरीत कापूस टाकला. कापूस तरंगे, तेल पिऊन घे. हे टोपल्यानं काढत, पिळत, पुन्हा टाकत. मग मोटेनं पाणी उपसून वाळू-कोळशाच्या खड्ड्यात गाळलं अन् परत विहिरीत सोडलं.

"भाऊजी, जळून काळं झालेलं पाणी कोळशानं गोरं करता काय?" माही मोठी जाऊ सुखीबाई नाकाले पदर लावून म्हणे.

पण झालं की हो गोरं! पाचव्या दिवशी तळ दिसला. तरी कोणी पिईना. आमचे बापजादे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरत, तेव्हा नव्या पाण्याचा पहिला घोट बैलाचा, मग माणसाचा. ह्यांनी बादली धरली. सरदारनं हुंगलं अन् तोंड फिरवलं. पुन्हा कापूस, पुन्हा कोळसा. सरदारचं पुन्हा तेच.

आठव्या दिवशी साहेब वही काढून बसले. हे रडकुंडीले आले. "पी ना रे राजा! काहून जीव घेऊन राह्यला?"

सरदार मागं सरकला. वारा फिरला तसे साहेबही सरकले, नाकाले रुमाल लावून. तेव्हा माह्या डोक्यात उजेड पडला. मी बादली हिसकली.

"तुम्ही दूर व्हा. अजून दूर. त्या बाभळीपाशी!"

सरदारनं अख्खी बादली रिकामी केली.

"बैल खरंच सांगून राह्यला होता," मी म्हटलं. "घाण विहिरीत नाही, बाभळीखाली उभी आहे."

मग सगळा तांडा प्याला, साहेबांनी वहीत लिहिलं, विहीर वाचली. हे लाजत नाल्याकडं निघाले, आंघोळीले.

"तिकडं कुठं? ते पाणी पुन्हा विहिरीतच येईन ना!"

अन् त्याच वाळू-कोळशाच्या खड्ड्यात उभं करून मी त्यांना न्हाऊ घातलं. सात बादल्या लागल्या. सरदार शेवटपर्यंत पाहत होता.