सुमेधने मागितलेला मासा

आमच्यात देव नाही, ही त्या दिवसांत माझी सगळ्यात मोठी अडचण होती. देव असता तर त्याच्याशी कडाकडा भांडले असते. माझ्या ऑफिसातल्या एका बाईने नवरा गेल्यावर देव्हाऱ्यातल्या मूर्ती उचलून कपाटात कोंबल्या होत्या आणि वर्षभर त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा. आम्ही बौद्ध. सिंगापुरात पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या दगडाची बुद्धमूर्ती आहे, डोळे अर्धे मिटलेली. बुद्धांनी कधी कोणाला काही द्यायचं कबूलच केलेलं नाही, मग जाब कशाचा विचारायचा? तरी मी विचारायची. रोज सकाळी मेणबत्ती लावताना मनात म्हणायची, जगात दुःख आहे म्हणालात, बरोबर आहे, कळलं मला, आता पुढचं बोला. पुढचं कोणी बोलत नव्हतं, आणि मी तणतणत कामाला जायची.

सुमेध माझा धाकटा भाऊ. जहाजावर इंजिनिअर होता. सिंगापूरच्या बंदरातून त्याची जहाजं निघायची, म्हणून दोन सफरींच्या मधले दिवस तो आमच्याकडेच राहायचा. लग्न केलं नव्हतं. कागदोपत्री जवळची व्यक्ती म्हणून माझंच नाव. गेल्या वर्षी जपानच्या किनाऱ्याजवळून जाताना जहाजावरच त्याला स्ट्रोक आला. त्याला बोटीने जवळच्या एका लहानशा गावात उतरवलं, तिथल्या हॉस्पिटलात भरती केलं आणि जहाज पुढे निघून गेलं. सातव्या दिवशी सकाळी तो गेला.

आता जे सांगायचं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. स्ट्रोकच्या दुसऱ्याच दिवशी मला कंपनीच्या माणसाचा फोन आला होता. मॅडम, कंडिशन स्टेबल आहे, म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे, कळवत राहा. बस. सात तासांचं विमान होतं, मी गेले नाही. हॉस्पिटलला फोनसुद्धा केला नाही. कारण तीन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. आई अकोल्यात आजारी असताना तो सुट्टीवर होता. डॉक्टर म्हणाले काही महिने काळजी नाही, आणि हा पठ्ठ्या पुढच्या जहाजावर चढला. तीन आठवड्यांत आई गेली. तो समुद्रात. मी त्याला फोनवर म्हणाले, तुला आई नव्हतीच, तुला फक्त जहाज होतं. त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो आमच्याकडे उतरायचा बंद झाला, आणि मीही बोलावलं नाही. म्हणून स्ट्रोकचं कळलं तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं, की बघा, आतासुद्धा स्वतः फोन करत नाही, कंपनीच्या माणसाकरवी निरोप पाठवतोय. बरा झाला की करेल. त्याची वाचा गेली आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

त्याला पेटीतून इथे आणलं, इथेच अग्नी दिला. पण त्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता. शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का? की परक्या गावात, परक्या भाषेत, भिंतीकडे तोंड करून तो एकटाच गेला? कंपनीला तीन पत्रं लिहिली. उत्तरं आली, त्यांत सहानुभूती होती आणि माहिती शून्य. सेरंगूनला रविवारी आमची काही मराठी कुटुंबं वंदनेसाठी जमतात, तिथे तर सांत्वन करणाऱ्यांनी मला भंडावून सोडलं. एक काका दर रविवारी सांगायचे, "ताई, सगळं अनित्य आहे. सोडून द्यायला शिका." एका रविवारी मी सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं, "काका, तुमची गाडी कोणी ठोकली तेव्हा महिनाभर सोडत नव्हतात, आठवतंय ना?" घरी येताना मुलगी एलआरटी गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मम्मी, जस्ट गो देअर लाह. यू आर शाउटिंग ॲट एव्हरीबडी."

म्हणून मी गेले, एकटी. ऑफिसात सांगितलं तर सगळे खूश. जपान! शांत किनारा! फोटो टाक, ताजे मासे खा! मी हसले नाही. दोन गाड्या आणि एक बस बदलून मी त्या गावात पोचले. समुद्राला काँक्रीटची भिंत, दोऱ्यांवर वाळत घातलेले स्क्विड, बंद शटरची दुकानं, आणि माणूस म्हणाल तर एक म्हातारा सायकलवर. शांतता इतकी, की माझ्या बॅगेची चाकं वाजली तर मलाच चोरट्यासारखं झालं. लोक अशा शांततेसाठी पैसे मोजतात म्हणे. मला ती शांतता बघून संताप आला. इथे एक माणूस मेला आणि गावाला त्याचा पत्ताही नाही, असं वाटलं. अकोल्यात कोणी असं गेलं असतं तर अख्खी गल्ली जमली असती, निदान आरडाओरडा तरी झाला असता.

हॉस्पिटल दुमजली, स्वच्छ. काउंटरवरच्या मुलीला मी सगळी कागदपत्रं दिली, फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये माझा प्रश्न इंग्रजीत लिहून दाखवला. तिने वाकून नमस्कार केला आणि आतून एका साहेबांना आणलं. त्यांनीही वाकून नमस्कार केला. फाइल आली. औषधं, तपासण्या, वेळा, सगळं मिनिटामिनिटाचं लिहिलेलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं. त्या सकाळी ड्यूटीवर असलेली नर्स आता दुसऱ्या शहरात गेली होती. शेवटी खोलीत कोण होतं याची नोंद ठेवत नाहीत, असं त्यांनी फोनवर दाखवलं आणि पुन्हा दोघं वाकली. त्या वाकण्याने माझं टाळकंच सरकलं. कंपनीने वाकून पत्रं लिहिली, हे वाकून नाही म्हणतात, आणि मी दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याची नोकरी करणारी बाई, माझ्या स्वतःच्या चुकीची फाइल हातात घेऊन उभी. मी फोन बाजूला ठेवला आणि शुद्ध मराठीत ओरडले, "अहो, माझा भाऊ मेला इथे! कोणी होतं का त्याच्याजवळ, एवढंच विचारतेय ना मी! तोंडं शिवलीत का सगळ्यांची?"

अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. तेवढ्यात जेवणाच्या ताटांची ढकलगाडी घेऊन जाणारी एक बाई थांबली. सत्तरीच्या आसपासची, ठेंगणी, डोक्याला पांढरी टोपी, स्वयंपाकघरातला एप्रन. ती गाडी तिथेच सोडून माझ्याकडे आली, माझा फोन उचलून माझ्याच हातात दिला आणि त्यात बोलली. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली: तुमचा सूर त्या भारतीय माणसासारखा आहे.

मी आजही विचार करते, की मी तिथे शहाण्यासारखी वागले असते, वाकून नमस्कार करून निघाले असते, तर ती बाई गाडी ढकलत लिफ्टमध्ये गेली असती. माझं तोंड सुटलं म्हणून ती वळली. असा कसा हा मार्ग, मला कळत नाही, आणि मी त्याचा अर्थही लावत नाही. जे झालं ते झालं तसं लिहिते आहे.

तिने मला बाकावर बसवलं. त्याच्या खोलीत तीच जेवण पोचवायची. फोनमध्ये ती बोलायची, मी वाचायची. म्हणाली, त्याला बोलता येत नव्हतं, एकच शब्द यायचा. त्याला सी ब्रीम हवा होता. रोज मागायचा. सी ब्रीम म्हणजे काय ते मला आधी कळेना, तर तिने बोटांनी कल्ले आणि शेपटी करून दाखवली. मासा. आणि माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. सुमेधने उभं आयुष्य समुद्रावर काढलं, पण मासळी ताटात आली की हा उठायचा. जहाजावरचे त्याला त्यावरून चिडवायचे. एवढ्या लांब येऊन मी कोणा भलत्याच माणसाची हकीगत ऐकत होते तर! मी तडातडा टाइप केलं: तुमची गफलत होतेय, तो माझा भाऊ नव्हे, माझा भाऊ मासे खात नव्हता.

तिने ते वाचलं आणि मान हलवली. स्वतःचा उजवा हात लुळा पाडून दाखवला. मग डाव्या भुवईवर बोट फिरवलं, तिथे सुमेधला लहानपणी पायरीवर पडल्याची खूण होती. मग फोनकडे न बघता, माझ्याकडे बघत, त्याच्याच आवाजाची नक्कल करत ती म्हणाली, "ताई." आणि पुन्हा, शेवट जरा लांबवत, दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसं, "ताईऽ."

फोन चालूच होता. पडद्यावर उमटलं: सी ब्रीम. सी ब्रीम.

मला त्या बाकावर काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. मी रडले नाही, आधी हसूच आलं. जपानीत त्या माशाला ताई म्हणतात. तीन वर्षं ज्याचं मी नाव टाकलं होतं, त्याच्याजवळ उरलेला एकुलता एक शब्द मी होते, आणि एका कोळी गावाने तो ऐकून मासा समजला. माझ्यावरच राग आला, इतका, की मी माझ्याच मांडीवर मूठ आपटली. म्हातारीने माझी मूठ धरून ठेवली आणि बोलत राहिली. दूर देशीचा माणूस मरणाच्या दारात ताई मागतोय आणि हॉस्पिटलच्या जेवणात तो नाही, हे तिला सहन होईना. पाचव्या दिवशी तिने शेजाऱ्याच्या होडीवरून ताजा मासा घेतला, घरी त्याच्या रशात भाताची पातळ पेज केली आणि नियमाविरुद्ध कापडात गुंडाळून आणली. त्याने पेजेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि रडायला लागला. मग चार चमचे खाल्ली. सुमेधने मासा खाल्ला! तिला वाटलं, आनंदाने रडला.

शेवटच्या सकाळीही ती पेज घेऊनच गेली होती. त्याला दुसरा झटका येत होता. तिने बेल दाबली, नर्स धावली, डॉक्टरला बोलवायला गेली. त्याने डाव्या हाताने हिची बाही घट्ट पकडली आणि तोच शब्द म्हणत राहिला. ती तिथून हलली नाही. फोनवर आलं: मी त्याला सांगत होते, सी ब्रीम आहे, सी ब्रीम इथेच आहे. तिने ते मला तिच्या भाषेत म्हणूनही दाखवलं. बाकीचं मला समजलं नाही. ताई, ताई, एवढं समजलं. म्हणजे जाताना माझ्या भावाला कोणीतरी हात धरून सांगत होतं, ताई आहे, ताई इथे आहे. डॉक्टर येईपर्यंत त्याची पकड सैल झाली होती.

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, तुम्ही त्याच्या कोण? मी लिहिलं, मोठी बहीण. तिचा चेहरा उजळला. तिने पुन्हा फोनमध्ये विचारलं: म्हणजे लहानपणी तुम्हीच त्याला हा मासा करून घालत होतात?

इथे माझी बोटं थांबली. खरं उत्तर तयार होतं. चूक दिसली की दाखवायची, हा माझा धंदा आणि माझा स्वभाव. आजवर मी कोणाची चूक सोडलेली नाही, आईच्या तेराव्याला जेवायला घातलं पाहिजे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचीही नाही. दोन ओळी लिहिल्या असत्या तर तिला कळलं असतं की त्याला मासा नको होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एका परक्या माणसाची शेवटची इच्छा आपण पुरवली, या समाधानावर ती वर्षभर जगली होती. आणि पुरवली नव्हती असं तरी मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? जिथे मी जायला हवं होतं तिथे ही बाई माझं नाव घेऊन बसली होती.

मी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि म्हटलं, "हो. मीच करून घालायची." ते मराठीतच म्हटलं. तिला कळलं. तिने माझ्या हातावर हलकीच चापट मारली आणि हसली, आणि मग मी त्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तिच्या एप्रनमध्ये तोंड घालून रडले. नंतर मी तिच्यापुढे वाकले. त्या लोकांसारखं कंबरेतून नाही, आपल्यासारखं, पाय धरून. ती घाबरून मागे सरकली, पण मी सोडले नाहीत.

माझा राग गेला असं कोणी समजू नये. कंपनीच्या त्या माणसाचा स्टेबल हा शब्द मी अजून विसरलेले नाही, आणि माझं मीच म्हटलेलं 'ठीक आहे' तर मरेपर्यंत विसरणार नाही. पण मूर्तीपुढे मेणबत्ती लावताना मी आता जाब विचारत नाही. आपण ज्या हाकेला ओ दिली नाही, तिला दुसरं कोणी, चुकीच्या समजुतीने का होईना, ओ देतं, आणि ते आपल्या हातात नसतं, एवढं मी मान्य केलं आहे. मान्य करताना जीवावर आलं, पण केलं. त्या बाईचे उपकार मी फेडू शकत नाही, आणि फेडायच्या खटपटीतही पडलेले नाही.

रविवारी वंदनेला मी जाते. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. सगळे मोठ्याने म्हणतात, माझा आवाज तिथे खाली जातो. परवा काकांनी विचारलं, "काय झालं ताई, आवाज का बसलाय?" मी म्हटलं, "काही नाही काका, जरा सर्दी झालीय." म्हणजे पुन्हा खोटंच.