टाकीची साँस

कोणत्याही नळीला ते आधी उलटा हात लावायचे. तळहाताला घट्टे पडलेले, त्याला ऊन-थंड कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "तळहात खोटं बोलतो, गुर्जी. उलटा हात कधीच न्हाई." मग डोळे मिटून ते थोडा वेळ तसेच उभे राहायचे. वैद्य नाडी बघतो ना, तसे.

कळमनुरीत तुम्ही राहत असाल तर तुम्ही त्यांना पाहिलं असेल. सायकलच्या दांडीला बांधलेला लांब पाना, डोक्यावर उन्हानं पिवळी पडलेली टोपी, आणि कुठंही थांबले की भिंतीतल्या नळ्यांकडे जाणारी नजर. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मीही चाचाच म्हणायचो. मी शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्यासाठी मी गुर्जी.

उलट्या हाताची त्यांना इतकी सवय की चहाच्या ग्लासाला, दुसऱ्याच्या सायकलच्या टायरला, सगळ्याला तोच हात. एकदा माझ्या बायकोनं त्यांच्या हातात चहा दिला, तर बोटं लागताच म्हणाले, "भाभी, तुमाला ताप हाय. चहापेक्षा तुमीच गरम हाव." थर्मामीटर लावला, तर खरंच एकशे दोन.

आमच्या घरी गरम पाण्याची टाकी त्यांनीच जोडली. वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून मोटार नको असं ठरलं. परसात विटांची भट्टी, तिच्यात लोखंडी नळीचं वेटोळं. वर स्लॅबवर गरम पाण्याची बंद टाकी, आणि तिच्याहून उंच लोखंडी घोडीवर थंड पाण्याची. भट्टीत लाकडं पेटवली की तापलेलं पाणी एका नळीनं आपोआप वर चढायचं आणि थंड पाणी दुसऱ्या नळीनं खाली उतरायचं. पहिल्या दिवशी चाचांनी माझा हात धरून दोन्ही नळ्यांना लावला. "बघा. एक जाऊन राहिलं, एक येऊन राहिलं. कोन ढकलून राहिलं त्याला? कोनीच न्हाई. ते आपल्या वजनानं चालून राहिलं."

थंड पाणी येण्याच्या नळीत त्यांनी एकाच बाजूला उघडणारा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे गरम पाणी मागं पिण्याच्या टाकीत जायला नको. त्यामुळं वाफेला एकच वाट उरली. टाकीच्या माथ्यावरून निघालेली एक नळी थंड पाण्याच्या टाकीच्याही वर जायची आणि तिथं काठीच्या मुठीसारखी खाली वळायची. तिचं तोंड उघडं. तिला ते साँस म्हणायचे.

"गुर्जी, बाकी काहीबी करा. रंग द्या, टाकी हलवा. पन हिच्या तोंडाला हात लावायचा न्हाई. पान्याला वाट, वाफेला वाट. बस."

"नाही लावणार, चाचा."

"मुलांना शिकवता, तुमाला काय सांगू," असं म्हणून ते हसले होते.

आता जे लिहितो आहे, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शेतातली हळद शिजवून आम्ही स्लॅबवर वाळत घातली होती. शिजवलेल्या हळदीवर पाणी पडलं की ती काळपट पडते, हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. भट्टी पेटली की साँसच्या तोंडातून ऊन पाण्याचे थेंब ठिबकायचे आणि खालच्या हळदीवर डाग उमटायचे. हळद दुसरीकडं सरकवता आली असती. पण पसरलेली हळद उचलायचा मला कंटाळा आला. मी लिंबाची एक खुंटी तासली, तिला चिंधी गुंडाळली आणि घोडीवर चढून नळीच्या तोंडात ठोकून बसवली. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हटलं.

तीन दिवस काही झालं नाही. घरात आम्ही दोघंच, भट्टीत चार काटक्या. चौथ्या दिवशी माझी बहीण तान्ह्या लेकराला घेऊन आली, सोबत तिच्या घरची माणसं. सकाळी सगळ्यांच्या अंघोळीसाठी भट्टी भरून पेटवली. थोड्या वेळानं वरून आवाज यायला लागला. आधी गुरगुर, मग कुणी आतून बुक्क्या मारावं तसा.

मी चाचांना फोन लावला. म्हणालो, "टाकी आवाज करून राहिली."

त्यांनी एवढंच विचारलं, "साँस मोकळी हाय ना?"

"हो."

का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाहुणे समोर बसले होते. दिलेला शब्द मोडला हे त्यांच्यासमोर कबूल करायची लाज वाटली. वाटलं, चाचा येईस्तोवर खुंटी काढून टाकू.

मी वर गेलो. खुंटी ओल्यानं फुगली होती आणि नळी इतकी तापलेली की बोट टेकवत नव्हतं. पकड आणायला खाली आलो, तर चाचांची सायकल दारात. ते एवढ्या लवकर कसे आले, मला कळलं नाही. मी काही म्हणायच्या आत ते जिना चढून गेले. मी मागोमाग.

त्यांनी टाकीला उलटा हात लावला आणि लगेच काढला. मग मान वर करून साँसकडे पाहिलं. खुंटी दिसली. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. वर्गात हुशार मुलानं सोपं गणित चुकवलं की मी जसा बघतो, तशी होती.

"खाली कोन हाय?"

"न्हाणीत बहीण आहे. लेकराला न्हाऊ घालतेय."

"लेकरू बाहेर काढा. नळाला हात लावू देऊ नका. भट्टी वढा. पळा, गुर्जी!"

मी ओरडत खाली धावलो. बहिणीचा हात गरम पाण्याच्या नळाकडं चाललाच होता. बायको भट्टीतली लाकडं ओढायला लागली. टाकीच्या सांध्यातून आता बारीक शिट्टी वाजत होती. मी अंगणातून वर पाहिलं. चाचा घोडीवर चढले होते आणि साँसच्या वळणाला पाना लावून फिरवत होते. वाफ सुटणार कुठं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी हात मागं घेतला नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. फुस्स झालं आणि स्लॅबवर पांढरं पांढरं झालं. खुंटीसकट ते वळण अंगणात, माझ्या पायाशी येऊन पडलं. मी खुंटी उपसली आणि खिशात टाकली. चाचा वर पडले होते, आणि मी आधी खुंटी खिशात टाकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी शेजारीच उभा होतो. चाचा म्हणाले, "पाना घसरला. माझ्याच हातून झालं." बाहेर माझे मेहुणे सगळ्यांना सांगत होते, "कसली टाकी जोडली म्हाताऱ्यानं! लेकरू गेलं असतं." मी भिंतीकडं बघत राहिलो.

तुम्हीही हे ऐकलं असेल. 'गुर्जीच्या घरी चाचाची टाकी फुटली.' ती फुटली नव्हती, पण गावात फुटली. लोक त्यांना बोलवीनासे झाले. काहींनी त्यांनी जोडलेल्या चांगल्या चालत्या टाक्या काढून टाकल्या. वर्षभरात चाचा हट्टा गावी लेकीकडं राहायला गेले.

एकदा मी तिथं गेलो. सगळं सांगायचं, असं एसटीत बसल्यापासून घोकत होतो. चाचा ओट्यावर बसले होते. उजव्या हाताची कातडी ओढलेली, गुलाबी, चकचकीत. लेकीनं चहा आणला. त्यांनी सवयीनं ग्लासाला उलटा हात लावला आणि तसाच ठेवला. मीच घाबरून म्हणालो, "चाचा, भाजेल!"

"न्हाई समजत आता," ते म्हणाले. "हात काहीच सांगत न्हाई."

लेक म्हणाली, "अब्बांच्या हातून जिंदगीत एकच चूक झाली, गुर्जी. ती बी तुमच्या घरी. माफ करा आमाला."

मी चाचांकडं पाहिलं. ते चहात पाहत होते. मग हळूच म्हणाले, "साँस मोकळी हाय ना आता?"

"हाय, चाचा."

"मग झालं."

बोलायला तेवढी फट होती. मी चहा पिऊन परत आलो.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. म्हणून आता लिहितो आहे: टाकीत खोट नव्हती. खुंटी मी ठोकली होती. त्यांच्या हातची टाकी अजून कुणाच्या घरी असेल, तर ती काढू नका. हट्ट्याला जाऊन त्यांच्या लेकीलाही हे तोंडानं सांगणार आहे. खुंटी सोबत नेईन.

परवा बाजारातल्या भंगाराच्या दुकानावरून जात होतो. मागच्या बाजूला गंजलेल्या नळ्यांचा ढीग होता. त्यात काठीच्या मुठीसारखी वळणं दिसली, आठ-दहा तरी. लोकांनी काढून टाकलेली. मी वाकून एकेक उचलून, आत बोट घालून पाहिलं.

सगळी मोकळी होती.