दुसऱ्या गेटापाशी वाचलेल्या कादंबऱ्या

फॅशनच्या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या पोरींच्या कादंबऱ्या मी दहा-बारा तरी वाचल्या असतील. बहुतेक इंग्रजीवरून मराठीत आलेल्या, कॉलेजच्या रस्त्यावरच्या वाचनालयातल्या. गोष्ट साधारण एकच. पोरगी लहान गावातून मोठ्या शहरात जाते. तिथली मालकीण तिला छळते, अंगावर कोट फेकते, कॉफी आणायला पळवते, आणि शेवटाला तिच्या हातातली कला कबूल करते. मला ते सगळं खरं वाटायचं. खोटं आहे म्हणून सांगायला माझ्या ओळखीत या धंद्यातलं कुणी नव्हतंच.

मी वडगावची. खाली चार पॉवरलूम, वर आम्ही. माग चालू असले की घरात साधं बोलणंसुद्धा ओरडूनच. या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते.

फॅशन डिझाइन करून टिळकवाडीतल्या एका मॅडमच्या स्टुडिओत लागले. लग्नाचे कपडे. सहा महिने बघणार, बरं वाटलं तर कायम करणार, अशी बोली. आप्पांनी त्याच दिवशी गल्लीभर सांगून टाकलं, "आमची पोरगी डिझायनर झाली."

आई म्हणाली, "अजून झाली न्हाय. होणार हाय."

"तेच की गं. मागावर सुताचं बीम चढलं म्हंजे कापड निघालंच."

कादंबरीतली पोरगी आगगाडीनं दूर जाते. मी स्कूटीवरून पंधरा मिनिटांत पोचायची. वाटेत रेल्वेचं गेट, आमच्याकडं त्याला दुसरं गेट म्हणतात. ते पडलेलं असलं की तेवढ्यात दोन-चार पानं व्हायची. दूर गेलेल्या त्या पोरींना निदान खोलीत एखादी मैत्रीण असते. स्टुडिओतल्या बाकीच्या तिघी माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. फक्त मी डबा उघडायची तेव्हा त्यांचं जेवण झालेलं असायचं. घरी येऊन हे त्या खडखडाटात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

एकदा आप्पा कादंबरीचं कव्हर बघत उभे राहिले. आमचा हा सीमाभाग, ते चौथीपर्यंत शिकले ते कन्नड शाळेत. मराठी बोलतात, वाचता येत नाही.

"ह्या बाईच्या चपलीची टाच बघ. पडंल की गं ही."

"पडत न्हाय आप्पा. पुस्तकात हाय ती."

"मग बरं हाय," म्हणाले आणि पुस्तक होतं तिथं ठेवलं.

पाचव्या महिन्यात निपाणीकडच्या एका व्यापारी घरातल्या बाई लेकीच्या लग्नाचे कपडे ठरवायला आल्या. सोबत होणाऱ्या विहीणबाई. आता, आमच्या गल्लीत कुणी नवी साडी नेसून आलं की तिचा पदर हातात घ्यायचा आणि उलटा करून बघायचा. 'बघू गं पदर' म्हणजे 'बस, पाणी घे' म्हटल्यासारखं. वरच्या बाजूला सगळीच कापडं छान दिसतात, विणणाऱ्याचं काम कळतं ते मागून. बाईंची साडी गर्द जांभळी, काठ मोरपिशी. माझा हात आपोआप गेला. पदर उलटला आणि म्हटलं, "किती छान उतरलीय! पॉवरलूमवर इतकं स्वच्छ काम सहसा बघायला मिळत नाही."

देवाशपथ, मी कौतुक केलं होतं. आमच्या घरात पॉवरलूम हा शब्द भाकरीसारखा आहे. पण बाईंनी ती साडी हातमागाची म्हणून घेतली होती, आणि विहीणबाईंना तसंच सांगितलंही होतं. बाईंनी पदर माझ्या हातातून काढून घेतला. मॅडमना म्हणाल्या, "असलं आमच्यात कामवाल्यांना देतात." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या गेल्यावर मी ओरडा खायच्या तयारीनं उभी राहिले. कादंबरीत इथंच मालकीण भडकते, आणि इथूनच पोरीचे दिवस पालटतात. मॅडम भडकल्या नाहीत. मोबाइल बघत म्हणाल्या, "उद्यापासून आत बस. फॉल-पिकोचं बघ." आत बसले. रागवायलासुद्धा कुणी आत आलं नाही. सहावा महिना संपला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "गरज लागली की कळवते."

घरी सांगितलं नाही. गल्लीत डिझायनर होऊन बसले होते ना! सकाळी डबा घेऊन निघायची, गेटाच्या अलीकडे झाडाखाली स्कूटी लावायची आणि कादंबरी उघडायची. गेट पडलं की गर्दी साठायची, उघडलं की सगळे आपापल्या कामाला जायचे. मी तिथंच. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी गेट पडलं आणि साठलेल्या गर्दीत आप्पा. गाडीवर मागं कापडाचा गठ्ठा. मला बघून गाडी बाजूला घेतली.

"आज सुट्टी हाय?"

"न्हाय आप्पा. काढलं मला. बारा दिवस झालं."

आप्पांनी एकदा पुस्तकाकडं बघितलं, एकदा डब्याकडं. "का म्हणून?"

"एका बाईच्या साडीला पॉवरलूमची म्हटलं."

"व्हती का पॉवरलूमची?"

"व्हती."

"कशी व्हती?"

"लई चांगली."

आप्पा हसले. "मग कुणाच्या मागावरची ते इचारायचं न्हाईस व्हय! बाई काय म्हणाली?"

"काय न्हाय."

आगगाडी धडधडत गेली. गेट वर झालं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. "गल्लीचं मी बघतो. दुपारी जेवायला घरला ये," म्हणाले आणि रूळ ओलांडून गेले. गठ्ठ्याचं टोक सुटून वाऱ्यावर उडत होतं. ते मी दिसेनासं होईपर्यंत बघत बसले.

आता मी शहापुरात एका साडीच्या दुकानात माल पारखायला असते. तिथं पदर उलटला तर कुणी काही म्हणत नाही. आप्पा गल्लीत अजून डिझायनरच सांगतात. बाई काय म्हणाली ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. इथं लिहिलं, कारण हे मराठीत आहे. छापून आलं की ते हातात घेतील, कव्हर बघतील आणि होतं तिथं ठेवतील.