सायलेन्सरमधली काजळी आणि खुंटीवरची किल्ली

परवा जालन्यात लेकीच्या डिझेल गाडीत पिवळा दिवा लागला. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर चोंदला होता म्हणे. सर्व्हिसवाल्याने लेकीला सोडून जावयाला विचारलं, मॅडम गाडी फार रेस करतात का? माझं डोकं जे तापलं, ते अजून उतरलेलं नाही...

कारण हे मी पंचवीसेक वर्षांपूर्वी भोकरदनला ऐकलंय.

आमच्याकडे जुनी डिझेल जीप होती. मी शिकवायचे ती शाळा चौदा किलोमीटरवर, आणि सकाळची एसटी आली तर आली. म्हणून मी गाडी शिकले, रोज स्वतः नेऊ लागले.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी जीप ओढेना. नुसता काळा धूर. गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता आमच्या ह्यांना सांगितलं, "साहेब, बाईमान्सं गेर बराबर टाकत न्हाईत. लई पळवली, इंजन बसलं."

झालं... त्या दिवशी किल्ली खुंटीवर गेली आणि मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी. तीन आठवडे. उशीर झाला की हेडमास्तरांची बोलणी वेगळी.

दीड महिना सुट्टी होती, मी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. हे घरात एकाच्याही लक्षात आलं नाही. मी सांगितलं तर ह्यांनी पेपर उलटला.

शेवटी मीच सलीमचाचांना घरी बोलावलं. जुने मिस्त्री. त्यांनी गाडी चालू केली, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, हवा नीट येत नव्हती. मग एवढंच विचारलं, "उभ्या जागी गाडी रोज कोन चालू ठेवतंय?"

सगळ्यांनी माझ्या सासऱ्यांकडे, मामंजींकडे पाहिलं. गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून सुट्टीभर ते रोज सकाळी जीपला हळदकुंकू, उदबत्ती करायचे आणि इंजिन चालू करून पूजेला बसायचे. पूजा संपेपर्यंत, चांगला पाऊण तास...

चाचांनी सायलेन्सर काढून परसात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर तापवला, ठोकला. घमेलंभर काजळी पडली.

"डिझेलची गाडी उभ्यानं तापवली की काजळी धरती. जोरात नेली मंग साफ राहती," चाचा म्हणाले. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी माझी किल्ली गेली, तेच औषध निघालं.

सगळे हसले. म्हातारं माणूस, मायेनं केलं, म्हणून विषय संपला. मामंजींवर माझाही राग नव्हता. पण माझ्या तीन आठवड्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, त्याचा राग आजही आहे.

परवा सर्व्हिसवाल्याला मीच विचारलं, गाडी रोज कोण नेतं ते विचारलंत का? नेतो जावई, दीड किलोमीटरवरच्या ऑफिसला... आणि बिल्डिंगखाली फोनवर बोलत गाडी उभ्यानं चालू ठेवतो. लेकीने त्याच दुपारी गाडी मोकळ्या रस्त्याने पार अंकुशनगरपर्यंत दामटून आणली. दिवा गेला.

भोकरदनला त्या दिवशी सायलेन्सरचं काम झाल्यावर ह्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला होता. सलीमचाचांनी तो पाहिला, आणि किल्ली माझ्या हातात दिली. "ताई, तुम्हीच चालवत जा."

चाचा, मी अजून चालवते.