सगळ्यांची वयं सांगणारे भावजी

डॉक्टरीणबाईंनी लाल पेन्सिलीने तिसरी फुली मारली आणि मान वर न करता म्हणाल्या, "थोडक्यात, हिला पाच म्हणजे किती हेही कळत नाही." माझी शालू, पावणेसहा वर्षांची, नुसत्या चड्डीवर गार फरशीवर उभी होती. आणखी एखादी फुली पडली की साधी शाळा नाही, मंद मुलांची वेगळी शाळा. त्या शाळेतून परत साध्या शाळेत आलेलं मूल आमच्या गल्लीत मी तरी पाहिलं नव्हतं. माझं जर्मन पाव, बटाटे आणि कोळसा मागण्यापुरतं. शालूचे वडील प्रयोगशाळेत. आणि दुभाष्या म्हणून ज्याला नेलं होतं, ज्याने माझ्या मुलीवर तीन वर्षांत चार जाड वह्या भरल्या होत्या, तो माणूस भिंतीला चिकटून खुर्चीवर बसला होता आणि तोंडातून शब्द काढत नव्हता. मुलांबद्दल इतकं जाणणारा आणि मुलांना इतकं घाबरणारा दुसरा माणूस देवाने केला नाही. केला असेल, तर तो आमच्या घरी जेवायला आला नाही.

हे भावजी म्हणजे ह्यांचे मित्र. साठ सालच्या आगेमागे ह्यांचं बर्लिनला पूल बांधण्यावर डॉक्टरेटचं काम चाललं होतं आणि भावजींचं लहान मुलांच्या वाढीवर. म्हणजे मूल कधी वळून बघतं, कधी वस्तू धरतं, ठोकळ्यावर ठोकळा कितव्या महिन्यात ठेवतं, हे सगळं सेकंद मोजून लिहायचं. दहा मुलं निवडलेली होती, त्यांत आमची शालू सातवी. भावजी तिला नावाने हाक मारत नसत. दारातूनच विचारायचे, "वहिनी, क्रमांक सात झोपला का?" स्वतः पुण्याचे, पस्तिशीचे, बिनलग्नाचे. मूल मांडीवर दिलं तर उतू जाणारं दुधाचं पातेलं धरावं तसे हात लांब करून धरायचे आणि कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघायचे. गळ्यात काळ्या दोरीत सेकंद मोजायचं घड्याळ. मी एकदा विचारलं, "भावजी, मंगळसूत्र अंघोळीला तरी काढता का?" तर गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, थट्टा करणं सहाव्या वर्षाच्या सुमाराला येतं. तुमचं वेळेवर चाललंय."

कोण कुठल्या गोष्टीत किती वर्षांचं आहे, हे सांगायची त्यांना खोडच होती. ह्यांना तोंडावर म्हणाले, "बुटाची नाडी बांधण्यात तू पाच वर्षं दोन महिने." दुसऱ्या दिवसापासून हे बिननाडीचे बूट घालून पुलांचा अभ्यास करायला जायला लागले. घरमालकीण एकदा तळणाच्या वासावरून जिन्यात माझ्याशी भांडत होती. भावजी मधे उभे राहिले, घड्याळ दाबलं, आणि ती थांबल्यावर तिला जर्मनमध्ये म्हणाले, "राग आवरण्यात आपण अडीच वर्षांच्या." मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. बाई लाल झाली, आणि मग हळूच म्हणाली, "आणि माझा नवरा?" त्यानंतर महिनाभर ती दुसऱ्या मजल्यावरच्यांची, दुधवाल्याची, आपल्या बहिणीची वयं विचारायला आमच्याकडे येत होती. तळणाबद्दल पुन्हा बोलली नाही. वर येताना आपली ताटली घेऊन यायची. स्वतःचं वयही भावजी लपवत नसत. "भात शिजवण्यात मी नऊ महिन्यांचा," म्हणायचे, "तोंड उघडून वाट बघतो." आणि खरंच उघडायचे.

मुलं आपल्याला कुणी बघतंय हे कळलं की नेहमीसारखी खेळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांआड बसायचे, तोंडासमोर वर्तमानपत्र, वर्तमानपत्राला दोन भोकं. भोकं पाडलेलं वर्तमानपत्र धरून डब्यांमागे बसलेला काळा माणूस मुलांना दिसत नाही, असं ज्याला वाटतं त्याचं वय किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीने एकदा वरून बादलीभर पाणी ओतलं. भिजलेले वर आले आणि पहिल्यांदा वही पुसून लिहिलं, "नेम धरायला चार सेकंद. वयाच्या मानाने उत्तम."

शालूने त्यांना पुरतं नाचवलं. तीन वर्षांची असताना त्यांनी तिच्यापुढे ठोकळे ठेवले आणि मनोरा रच म्हणून सांगितलं. तिने ठोकळे उचलले आणि एकेक करून त्यांच्या हातात दिले. त्यांनी मनोरा रचला. तिने लाथ मारली आणि पुन्हा ठोकळे दिले. असं अकरा वेळा झालं. संध्याकाळी हे वही वाचून हसून लोळले. लिहिलं होतं, "दुसऱ्याकडून काम करून घेते. वय चाळीस."

पण एका गोष्टीवरून माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. त्यांचा नियम असा की बघणाऱ्याने मुलाला मदत करायची नाही. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नाहीतर निरीक्षण बाद. एकदा मी तळघरातून कोळसा घेऊन वर येतेय, तर शालू तळघराच्या जिन्यात मधेच अडकून भोकाड पसरून रडतेय, आणि भावजी वरच्या पायरीवर घड्याळ घेऊन उभे.

"अहो, उचला की तिला!"

"वहिनी, स्वतः उतरते का बघतोय."

मी शालूला काखोटीला मारलं, दुसऱ्या हातात कोळशाची बादली, आणि वर आले. जेवायच्या वेळी पातेली मांडली आणि खुर्ची ओढून समोर बसले. "वाढा ना वहिनी," म्हणाले. मी म्हटलं, "स्वतः वाढून घेता का बघतेय." अर्धा तास आमटीकडे बघत बसले. शेवटी शालूनेच त्यांच्या ताटात पोळी टाकली. तिची मदत करायला ना नव्हती.

तर डॉक्टरीणबाईंच्या त्या खोलीत हाच नियम घेऊन भावजी बसले होते. पहिली फुली पडली ती कानामुळे. तिकडे शाळेत घालण्याआधी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की मूल शाळेजोगं झालं. शालूने कान धरला. मग दुसऱ्या हाताने दुसराही धरला आणि उठाबशा काढायला लागली. आमच्या घरी कान धरले की पुढे हेच असायचं. बाई "बस, बस" म्हणेपर्यंत नऊ काढल्या. दुसरी फुली ती नाव सांगेना म्हणून. परक्या माणसाशी बोलायचं नाही, हे मीच तिला बजावलेलं. आणि तिसरी ही. बाई म्हणाल्या, पाच दाखव. शालूने हात वर केला आणि अंगठा करंगळीशेजारच्या बोटाच्या मधल्या पेरावर टेकवला. आठ दाखव. अंगठा मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर. तिला मोजायला मी शिकवलं होतं, मला माझ्या आईने. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. बाईंना दिसली ती चार उभी बोटं आणि एक मुडपलेला अंगठा. पाचालाही तेच आणि आठालाही तेच.

मला कळत होतं काय चुकतंय, पण ते सांगायला लागणारे शब्द माझ्याकडे नव्हते. ते ज्याच्याकडे होते तो गप्प.

"भावजी, बोला."

"वहिनी, मी मधे पडलो तर क्रमांक सात..."

"तुमचा क्रमांक सात गेला चुलीत. ती शालू आहे."

भावजींनी गळ्यातलं घड्याळ मुठीत धरलं आणि उभे राहिले. उभे राहिले ते नेमके उंची मोजायच्या दांडीखाली, त्यामुळे टाळक्यात खणकन आवाज झाला. बाई ओरडल्या, खाली बसा. ते बसले नाहीत. "नाईन, नाईन," म्हणजे नाही, नाही, करत पुढे गेले, स्वतःचा हात बाईंच्या चष्म्यापुढे धरला आणि पेरांवर अंगठा फिरवत इतकं भरभर जर्मन बोलले की त्यांना स्वतःलाही सगळं समजलं असेल असं वाटत नाही. मग त्यांनी शालूचा हात धरला. पातेल्यासारखा नाही, आपण धरतो तसा. बाईंनी चष्मा सारखा केला. "सात?" शालूचा अंगठा सातावर. "दहा?" दहावर. "बारा?" तर्जनीच्या टोकावर. बाईंचा स्वतःचा अंगठा आता टेबलाखाली हलत होता. हळूच म्हणाल्या, "तेरा?" शालूने त्यांच्याकडे दया आल्यासारखं बघितलं, दुसरा हात वर केला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. चक्क जर्मनमध्ये म्हणाली, "आता हा."

बाई खूप हसल्या. रबर घेऊन दोन फुल्या पुसल्या. उठाबशांपुढची राहू दिली आणि शेजारी लिहिलं, पाय मजबूत.

दुसऱ्या दिवशी भावजींनी आपणहून प्रोफेसरांना जाऊन सांगितलं की मी मधे पडलो. शालू त्यांच्या कामातून बाद झाली, चारी वह्या बाद झाल्या. खाटकाचा एक गुबगुबीत मुलगा सातवा म्हणून घ्यावा लागला आणि भावजींचं बर्लिनमधलं राहणं दोन वर्षांनी वाढलं. मी म्हटलं, "भावजी, सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?" म्हणाले, "वहिनी, जे पाहिलं ते लिहायचं. मी मधे पडलो, हेही मी पाहिलंच की."

ईस्टरनंतर शालू शाळेत गेली. तिकडे पहिल्या दिवशी मुलांना खाऊ भरलेला कागदाचा मोठा शंकू देतात. तो तिच्याहून जड होता, म्हणून भावजींनी शाळेच्या फाटकापर्यंत उचलून नेला. तिने मागे वळून पाहिलं नाही. ते मात्र फाटकाशी बराच वेळ उभे होते. घड्याळ बंद होतं.

पुढे ते पुण्याला गेले, शिकवत राहिले, लग्न केलं नाही. आधी हे वारले, मग भावजी. डॉक्टरीणबाई तर तेव्हाच म्हाताऱ्या होत्या. त्या दिवशी त्या खोलीत होतो त्यांतली आता शालू आहे आणि मी आहे.