उपरण्याखालचा फोन

उद्या काय येणार हे कालच कळलेला एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो जन्मभर बैल विकत होता. माझ्या थोरल्या बहिणीचे हे सासरे. सगळं मंचर त्यांना तात्या म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. धंद्याने हेडी, म्हणजे बैलांचे दलाल. वय विचारलं तर ‘जुळलेला हाय’ एवढंच सांगतात. बैलाला सगळे दात आले की तो जुळला म्हणतात. तात्यांचे आता पडायला लागले आहेत, तो भाग वेगळा. पण नव्या यंत्राचं नाव काढा, हा माणूस खोंडासारखा उधळतो. फोनवरून त्यांनी लोकांचे किती बैल विकले याला गणती नाही. जीव मात्र टांगणीला लागला तो एकाच विक्रीत. तो बैल त्यांचा स्वतःचा होता, हौशा.

जनावरांच्या साथीमुळे बैलबाजार बंद पडला, तेव्हा बाकीचे हेडी हॉटेलात चहावर चहा पीत सरकारला शिव्या घालत बसले. तात्या सरळ मंचरच्या पेठेत गेले आणि शेटजींच्या दुकानात टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “सगळ्यात नवा फोन काडा.” शेटजींनी अदबीने विचारलं, “बोलण्यापुरता हवा का तात्या?” तर म्हणाले, “बोलाया तोंड हाय की! मला इकाया पायजे.” त्या दिवसापासून शेटजींना निवांत झोप नाही. दर आठवड्याला तात्या दुकानात हजर. घडी घालायचा फोन आला का, चष्म्यातला फोन आला का, अंगठीतला कधी येणार. “येईल तात्या, पहिला तुम्हालाच,” असं शेटजी म्हणतात आणि नवीन खोकी फडताळात आत सरकवतात, कारण तात्यांनी एकदा खोकं उघडलं की चहा तीनदा सांगावा लागतो.

आता हेड्यांचा भाव उघड होत नसतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी एकालाही पत्ता लागत नाही. फोन आला म्हणून तात्या ही रीत मोडणार होते थोडेच! साताऱ्याकडच्या एका गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर सौदा चालू असताना भावाची वेळ आली. तात्यांनी फोनसकट डोक्यावर उपरणं ओढून घेतलं आणि आतून ओरडले, “पावणं, तुमी बी घ्या टावेल!” पाहुणा बिचारा टॉवेलात शिरला. आता दोन्हीकडे मिट्ट काळोख. कोणाचं बोट कोणाला दिसेना. तात्या डोकेबाज. त्यांनी ताईकडून बॅटरी मागवली आणि उपरण्याच्या आत लावली. मग काय, पांढरं पातळ उपरणं कंदिलासारखं उजळलं आणि तात्यांच्या बोटांची सावली अशी काही उमटली, की ओट्यावर जमलेल्या सगळ्या आळीने भाव मोठ्याने वाचला. तात्यांना आतून वाटलं, सौद्याला दाद मिळतेय. ते आणखी जोरात बोटं नाचवू लागले.

पुढच्या काळाविषयी त्यांची मतं पक्की आहेत. “फोन खिशात ऱ्हाणार न्हाई, पावणं. आदी डोळ्यावर जाईल, मग कानात. बैलाच्या शिंगाला लागंल तवा खरी मजा. शर्यतीच्या घाटात पळताना त्याला काय दिसतं ते आपल्याला घरी बसून दिसंल, हाय का न्हाई?” नुसतं बोलून ते थांबत नाहीत. आमच्या दाजींना, म्हणजे त्यांच्या मुलाला, चाकणच्या कंपनीतून पावलं मोजणारं घड्याळ मिळालं होतं. तात्यांनी ते हौशाच्या पायात बांधलं. बैल दिवसभर शिवारात फिरला आणि कंपनीच्या आरोग्य स्पर्धेत दाजी पहिले आले. साहेबांनी हार घातला, भाषण करायला लावलं. दाजींनी सकाळी लवकर उठण्याचं महत्त्व सांगितलं म्हणे.

असं सगळं मजेत चाललं होतं. तेवढ्यात तात्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. एकदा हौशाने कासऱ्याला हिसका दिला आणि तात्या बांधावर आडवे झाले. डॉक्टरांनी बजावलं, बैल धरायचा नाही. दाजी पाळीवर जाणारे, ताईला घर आणि शेत. हौशाला दुसरं घर बघणं आलं. दोन दिवस तात्यांनी फोनला हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी फोन ताईच्या हातात देऊन म्हणाले, “घे, व्हिडिओ काड. पन बैल इकायचा न्हाई, मानूस हुडकायचाय.”

आणि मग जन्मभर दुसऱ्यांच्या बैलांचे ऐब लपवत आलेल्या या हेड्याने आपल्या बैलाचे एकूण एक ऐब जगापुढे मांडले. व्हिडिओत हौशा शांतपणे रवंथ करतोय आणि शेजारी तात्या सांगताहेत, “ह्यो डाव्या पायानं लाथ घालतू. वाळत घातलेलं धोतर खातू. छत्रीला लई भितू. अन् लाडावलेला हाय, हाक मारल्याबिगर पानी पीत न्हाई.” ताई कपाळावर हात मारून म्हणाली, “तात्या, असं सांगितल्यावर कोन घेनार?” “जो घेईल त्यो सांबाळील,” तात्या म्हणाले.

फोन मात्र धडाधड यायला लागले. तात्यांनी नवीनच तऱ्हा काढली. गिऱ्हाईक म्हणे बैल दाखवा, तर तात्या म्हणत, “त्यो बगितला तुमी. आता तुमचा गोठा दावा.” एकाने चकचकीत फरशीचा गोठा दाखवला. “पाय घसरंल त्याचा,” तात्यांनी फोन ठेवला. एकाची गव्हाण उत्तम होती, पण तो मागे कोणावर तरी खेकसला. “ह्यो मानूस घरच्यावर वरडतू, तर बैलाला काय करंल?” गेला तोही. शर्यतीचा नाद असलेल्या एका बड्या माणसाने तोंडाला येईल तो भाव देऊ केला. तात्यांनी त्याला बैलाची जागा दाखवायला सांगितली, तर तो म्हणाला, ते गडी बघतात. तात्यांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. घरात सगळे धास्तावले होते. या चालीने हौशा कुठेच जाणार नाही आणि एक दिवस तात्यांना पुन्हा बांधावर पाडणार, हे दिसत होतं.

शेवटी फलटणकडून एका बाईंचा फोन आला. गोठा मातीचा, साधा. त्यांनी भाव विचारला नाही, दात विचारले नाहीत. म्हणाल्या, “दादा, झोपताना कुठल्या कुशीवर बसतो? गव्हाण त्या अंगाला घेते.”

तात्या म्हणाले, “डाव्या.” आणि उपरणं खांद्यावर तसंच ठेवून, सगळ्या आळीदेखत, त्यांनी भाव तोंडाने सांगून टाकला. तोही बाजारापेक्षा कमी. टेम्पो आला तेव्हा हौशाला कुंकू लावलं, भाकरी चारली. टेम्पो वळणाआड गेला तरी तात्या रिकाम्या दावणीपाशी उभे होते. गुडघे दुखत असतील, पण बसले नाहीत.

परवाच्या रविवारी मी ताईकडे गेलो होतो. सकाळी त्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. हौशाला पाणी पाजायचं होतं आणि तो काही केल्या तोंड लावत नव्हता. तात्यांनी इकडून हाक मारली, “हौश्याऽऽ!” तिकडे हौशाने झटक्याने कान टवकारले. आवाज आला त्या फोनकडे चालत आला. फोनच्या मागे जाऊन माणूस शोधला, कोणी दिसलं नाही, परत पुढे आला. पडदाभर त्याची ओली नाकपुडी, मग नुसती जीभ. बाई हसत म्हणाल्या, “दादा, फोन चाटतोय बघा!” मलाही हसू आलं.

तात्यांनी धोतराचा सोगा घेतला आणि आपल्या हातातल्या फोनची काच पुसायला सुरुवात केली. “मीठ कमी पडतंय त्याला, बाई,” ते म्हणाले, “रोजच्या भुशात मूठभर घालत जा.” कोरडी काच ते पुसतच राहिले.